मोटारीचे खरे गिऱ्हाईक कोठे असते?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मजकडे लेख मागितला, तेव्हा ‘परीक्षा आणि पालक’ किंवा ‘मुलींचे उच्च शिक्षण’ अशा एखाद्या विषयाची त्यांची अपेक्षा असावी. शिक्षिकेकडून दुसरे काय मिळणार? परंतु त्या विषयांवर आपल्या ट्रस्टच्या समारंभांतून इतके बोलून झाले आहे की या खेपेस वाचकांनी मला थोडी सूट द्यावी. मी लिहिणार आहे मोटारविक्रीवर. माझ्यापाशी मोटार नाही. एक जुनी स्कूटर आहे आणि तिच्यावर बसून मी गेली अठरा वर्षे शाळेला जात आहे. तेव्हा हा अधिकार मला कोठून आला, हे आधी सांगितले पाहिजे.

मे महिन्याच्या सुटीत माझा एक माजी विद्यार्थी घरी आला. मुलगा सालस, बोलका. आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर बी. कॉम. झालेला. बेळगावातीलच एका मोटारींच्या शोरूममध्ये सहा महिन्यांच्या उमेदवारीवर लागला होता. महिन्याला चार गाड्या विकाव्यात अशी मालकांची अपेक्षा. चार महिने संपले होते आणि विकल्या गेलेल्या गाड्या तीन. त्यांपैकी एक मामूंनी घेतली, एक आतेभावाने. तिसरी मात्र खरोखर परक्या माणसाने. आणखी दोन महिन्यांत आकडा वाढला नाही तर नोकरी जाणार हे उघड होते. वडील शिवणकाम करतात, धाकटी बहीण डिप्लोमाला आहे. सरबत पिऊन झाल्यावर तो हळूच म्हणाला, “बाई, ट्रस्टच्या सभासदांची यादी तुमच्याकडे असते ना? फोन नंबरांसह? आणि शाळेतल्या पालकांचीही? तेवढी दिलीत तर माझे काम होईल.”

यादी माझ्याकडे होती. शिक्षण समितीचे काम माझ्याकडे असल्याने ती कपाटातच होती. मी ‘नाही’ म्हटले. त्याचा चेहरा उतरला तो मला आजही दिसतो. मग मी विचारले, “यादी मिळाली तर काय करशील?”

“फोन करीन.”

“कोणाला?”

“सगळ्यांना.”

या ‘सगळ्यांना’ शब्दाशीच सारी गोम आहे, असे मला त्या क्षणी वाटले. आणि ते तपासून पाहावे म्हणून मी पुढचे काही आठवडे या धंद्याची माहिती काढली. शिकवायचे तर आधी स्वतः शिकले पाहिजे, ही बी. एड. पासूनची सवय. या व्यवसायात मुरलेले माझे दोन जुने विद्यार्थी आहेत, त्यांना छळले; काही पुस्तके चाळली. आपल्या समाजातील पुष्कळ मुले आज मोटार, विमा, बँका, घरबांधणी अशा ठिकाणी विक्रीच्या नोकऱ्या करीत आहेत. त्यांच्या घरच्यांना तरी ही माहिती उपयोगी पडावी.

आमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्नच माहीत नव्हता. ॲम्बॅसेडर किंवा फियाट घ्यायची तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. गिऱ्हाईक विक्रेत्याच्या मागे फिरे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि १९९३ साली मोटार उद्योगावरील परवान्याचे बंधन उठले. त्यानंतर एकामागून एक कंपन्या आल्या, शोरूम वाढले, आणि फिरण्याची पाळी विक्रेत्यावर आली. आता गाड्या भरपूर आहेत. हुडकायचा आहे तो घेणारा.

पण घेणारे किती असतात? येथे थोडा हिशेब करू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील सुमारे साडेसात टक्के घरांत मोटार असल्याचे आढळले. गोव्यात हे प्रमाण सर्वांत अधिक, सुमारे ४५ टक्के. आता एखाद्या तरुणाची अडीचशे घरांशी ओळख आहे असे धरा. देशाच्या सरासरीने त्यांतील एकोणीस घरांत मोटार निघेल. घरटी आठ वर्षांनी गाडी बदलते असे समजले, तर वर्षाला दोन-तीन घरे नवी गाडी घेणार. त्यांत प्रथमच गाडी घेणारी तीन-चार घरे मिळवा. शहरात प्रमाण जास्त म्हणून दुप्पट करा. तरी वर्षाला बारा-चौदांपलीकडे गाडी जात नाही. आणि मालकांना हव्यात अठ्ठेचाळीस! मामू आणि आतेभाऊ संपल्यावर हा मुलगा अडला तो आळसामुळे नव्हे. साधे गणितच त्याच्या विरुद्ध होते. नात्यागोत्याच्या विहिरीला पाणी बेताचेच असते, आणि प्रत्येक नवा विक्रेता पहिल्या तीन महिन्यांत ती उपसून मोकळा होतो. मालकांनाही हे ठाऊक असते. काही ठिकाणी दर सहा महिन्यांनी नवी मुले घेऊन त्यांच्या नातेवाइकांना गाड्या विकायच्या आणि मग त्यांना निरोप द्यायचा, असाच क्रम चालतो असे माझ्या विद्यार्थ्यांनी सांगितले. ऐकून वाईट वाटले.

आता यादीचे पाहू. सहाशे नावांच्या यादीत या महिन्यात गाडी घेऊ पाहणारे असतील पाच-सात. ते कोणते हे यादी सांगत नाही. म्हणजे पाच-सातांसाठी उरलेल्या पाचशे नव्वदांच्या दुपारच्या झोपा मोडायच्या. त्यातले निम्मे दुसऱ्या फोनला उचलणार नाहीत, आणि आणखी दोन वर्षांनी त्यांना खरोखर गाडी घ्यायची असेल तेव्हा या मुलाचे नाव त्यांना आठवेल ते त्रास देणारा म्हणून.

या विषयावर अमेरिकेतील जो जिरार्ड या विक्रेत्याचे उदाहरण मला फार बोलके वाटले. डेट्रॉइट शहराजवळ शेव्हरोले गाड्यांच्या एका शोरूममध्ये हा गृहस्थ १९६३ साली नोकरीस लागला. वय पस्तिशीच्या आसपास. त्यापूर्वी घरे बांधण्याच्या धंद्यात बुडालेला, घरात खायला नाही अशी अवस्था. पुढील पंधरा वर्षांत त्याने १३,००१ गाड्या विकल्या. १९७३ या एका वर्षात १,४२५. म्हणजे सुटीचे दिवस धरूनही रोजच्या जवळजवळ चार! घाऊक नव्हे, एकेका माणसाला एकेक गाडी. गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. २०१९ साली तो वारला.

त्याने आरंभी काय केले? त्याच्यापाशीही यादी नव्हती. टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी होती. तीतून तो नंबर फिरवी, आणि बाई फोनवर आली की ‘तुमची नोंदवलेली गाडी आली आहे’ असे सांगे. ती म्हणे, आम्ही गाडी नोंदवलेलीच नाही. मग हा क्षमा मागून सहज विचारी की, तुम्हांला गाडी घ्यायची आहे का? ती म्हणे, यजमानांना विचारले पाहिजे, पण बहुधा सहा महिन्यांनी. एवढे ऐकले की तो नाव, पत्ता, यजमान घरी केव्हा असतात, आज कोणती गाडी आहे आणि सहा महिन्यांनंतरची तारीख असे कार्डावर टिपून ठेवी. आरंभ खोटा होता आणि मला तो मुळीच आवडला नाही. वर्गात कोणी असे केले तर मी त्याला उभा करीन. पण त्या खोट्याच्या मागे जी गोष्ट होती ती खरी आहे. त्याने त्या बाईला गाडी विकण्याचा प्रयत्न केला नाही. तिला गाडी *केव्हा* लागणार, एवढेच काढून घेतले. माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत नावे होती, तारखा नव्हत्या.

जिरार्डचा ‘अडीचशेचा नियम’ पुष्कळ सांगितला जातो, आणि बहुधा उलटा सांगितला जातो. एका कॅथलिक अंत्यविधीला तो गेला असता मृताच्या नावाची छापील कार्डे वाटलेली त्याने पाहिली. किती छापायची हे कसे ठरवता, असे त्याने तेथील व्यवस्थापकास विचारले. अनुभवाने कळते, सरासरी अडीचशे माणसे येतात, असे उत्तर मिळाले. पुढे लग्नसमारंभांतही तोच आकडा त्याच्या कानी आला. यावरून लोक समजतात की प्रत्येक माणसामागे अडीचशे गिऱ्हाइके दडलेली आहेत. जिरार्डला म्हणायचे होते ते असे की, एका माणसाला दुखवलेत तर अडीचशे घरांची दारे बंद होतात. आपल्याकडे बेळगावसारख्या गावात तर एका जनाज्याला किंवा एका लग्नाला अडीचशे माणसे म्हणजे थोडीच झाली.

त्याची दुसरी युक्ती अशी. न्हावी, गॅरेजवाले, बँकेत कर्जाचे काम पाहणारे कारकून अशांच्या हाती तो आपली कार्डे देई. कार्डामागे त्यांनी आपले नाव लिहायचे आणि गाडी घेऊ इच्छिणाऱ्याला ते द्यायचे. त्या माणसाने गाडी घेतली की कार्डवाल्याला पंचवीस डॉलर ताबडतोब पोहोचते होत. उद्या देतो, साहेबांना विचारतो, अशी भाषा नाही. शिवाय जुन्या गिऱ्हाइकांना तो दरमहा एक शुभेच्छापत्र पाठवी. लिफाफ्याचा रंग आणि आकार दर वेळी निराळा, आत विक्रीचा शब्द नाही. अशी महिन्याला तेरा हजारांवर पत्रे जात.

हे सारे ऐकून माझा विद्यार्थी म्हणाला, “बाई, डेट्रॉइटचे ठीक आहे. बेळगावात न्हावी काय सांगणार?” प्रश्न रास्त होता. मग आम्ही कागद घेऊन बसलो आणि गाडीची गरज उत्पन्न होते तेव्हा माणूस प्रथम कोणाकडे जातो, याचा विचार केला. शोरूमकडे तो सर्वांत शेवटी येतो. त्याच्या आधी तो ज्यांच्याकडे जातो, तेथे आपण असले पाहिजे.

पहिला, ड्रायव्हिंग स्कूलवाला. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. पैसे भरून चाळिशीत गाडी शिकणारी बाई किंवा निवृत्तीला आलेला हेडक्लार्क हा हौसेखातर शिकत नाही. त्या सहा महिन्यांत किंवा त्यानंतर लगेच त्या घरात गाडीचा विषय निघणारच. शिकवणारा रोज अर्धा तास त्याच्या शेजारी बसतो. त्याला सारे ठाऊक असते.

दुसरा, गॅरेजचा मिस्त्री. याच्याइतकी पक्की बातमी कोणाकडेच नसते. ‘साहेब, आता हिच्यावर खर्च करू नका’ हे वाक्य तो ज्या दिवशी उच्चारतो, त्या दिवशी एक गिऱ्हाईक जन्माला येते. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांची मुदत वाढवून घ्यावी लागते. म्हणजे आज ज्या गाडीला चौदावे वर्ष लागले आहे, तिचा मालक घरात बसून विचार करतोच आहे. तो विचार तो मिस्त्रीपाशी बोलून दाखवतो. परंतु मिस्त्री आपले गिऱ्हाईक फुकट का तोडून देईल? नवी गाडी कंपनीच्या वर्कशॉपात जाणार, म्हणजे त्याचे नुकसानच. तेव्हा त्याला मोबदला मिळाला पाहिजे, तो शोरूमच्या संमतीने आणि वहीत लिहून. मालकांना न सांगता खिशातून काही देऊ नकोस, असे मी मुलाला बजावले. काही शोरूममध्ये जुन्या गिऱ्हाइकाने नवे आणल्यास भेट देण्याची रीतसर योजना असते. नव्या मुलांना ती कोणी सांगत नाही एवढेच.

तिसरी जागा शोरूमच्या आतच होती, आणि ही गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटली. त्याच इमारतीच्या मागच्या बाजूस कंपनीचे वर्कशॉप. तेथे सकाळी गाडी देऊन माणसे दोन-दोन तास बाकावर बसलेली असतात. समोर टीव्ही, हातात चहा, करायला काम नाही. चार महिन्यांत हा मुलगा त्या दालनात एकदाही गेला नव्हता, कारण ‘ती माणसे गाडी घेतलेली असतात’! अरे, गाडी घेतलेली माणसेच गाडी घेतात. पाच-सात वर्षांच्या कर्जाचे हप्ते फिटत आले की घरात बोलणे सुरू होते; हप्त्याची सवय असते, तो थांबला की महिन्याला काही रक्कम मोकळी वाटते. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या मोटारीचा त्रयस्थ विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. ती मुदत संपतानाही मालक कागद काढून बसतो. हे सारे दिनांक शोरूमच्या दप्तरात आहेत. पाच वर्षांपूर्वी गाडी विकून नोकरी सोडून गेलेल्या विक्रेत्याची गिऱ्हाइके पोरकी असतात. त्यांची विचारपूस करायला कोणी नसते. व्यवस्थापकांना विचारून ती मागून घे, असे मी सांगितले. मिळाली. एकशे दहा नावे होती.

चौथी गोष्ट जागेची नाही, वेळेची आहे. आपल्या भागात उसाचा हंगाम दिवाळीच्या पुढेमागे लागतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्षात कधी मिळतात ते शेतकऱ्यालाच माहीत; पण ज्या कारखान्याचे बिल जमा झाले त्या टापूत त्या आठवड्यात जाणे आणि पावसाळ्याच्या तोंडावर जाणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जूनमध्ये बियाणे-खताच्या विवंचनेत असलेल्या माणसाला गाडीचे विचारणे म्हणजे त्याची थट्टाच. उद्यमबागेतील कारखानदार मार्चअखेरचा हिशेब पाहून ठरवतो. दसरा-दिवाळी आणि पाडव्याला कोणीही विकू शकतो. पितृपंधरवड्यात मात्र फक्त बोलून ठेवायचे, बुकिंग घ्यायचे नाही, हे त्याला मीच शिकवले. शाळेत सर्व धर्मांची मुले असल्याचा हा एक फायदा.

राहता राहिली संगणकावरून येणारी नावे. मोबाइलवर जाहिरात पाहून माणसे आपला नंबर भरून देतात आणि कंपनी तो शोरूमकडे पाठवते. यांत खरी थोडी, गंमत म्हणून भरलेली फार. शिवाय एकच माणूस चार कंपन्यांकडे नाव देतो. येथे एकच उपाय: नाव आले की त्याच घटकेला फोन करणे. संध्याकाळपर्यंत तो दुसऱ्याशी बोलून चुकलेला असतो.

आता नाव मिळाले. ते खरे की नुसते, हे कसे ओळखावे? शोरूममध्ये ‘हॉट’, ‘वॉर्म’ आणि ‘कोल्ड’ अशा तीन खुणा करण्याची पद्धत आहे. माझ्या विद्यार्थ्याने जवळजवळ प्रत्येक नावापुढे ‘हॉट’ लिहिले होते, कारण साहेब संध्याकाळी विचारतात तेव्हा तसे बरे दिसते. ही स्वतःच्या प्रगतिपुस्तकावर स्वतःच सही करण्यासारखी गोष्ट झाली. त्याहून वाईट म्हणजे, काही मुले संख्या भरावी म्हणून खोटी नावेच घालतात. तसे करू नकोस हे त्याला सांगण्याची गरज पडली नाही, याचा मला आनंद आहे.

मी त्याला म्हटले, प्रश्न चारच आहेत: का, केव्हा, कशातून आणि कोणाच्या विचाराने. पण ते पोलिसासारखे विचारायचे नाहीत. ‘सध्या कशाने जाता-येता?’ एवढ्या एका वाक्यात पहिले दोन्ही निघतात. ‘मायलेज किती?’ हे तर गाडी न घेणाराही विचारतो. परंतु ‘आमच्या जुन्या गाडीचे किती द्याल?’, ‘पांढरा रंग कधी मिळेल?’, ‘नोंदणी कोणाच्या नावाने केली तर बरे?’ असे विचारणारा मनाने गाडीत बसलेला आहे. याउलट जो केवळ लेखी कोटेशन मागतो आणि चहाही घेत नाही, त्याने बहुधा दुसरीकडे बुकिंग केले आहे आणि तेथील भाव पाडण्यासाठी त्याला आपला कागद हवा आहे. तो कागद हसून द्यावा. वेळ मात्र देऊ नये.

पैशाचा प्रश्न सर्वांत नाजूक, आणि तोच बहुतेक जण शेवटी विचारतात. आठ फेऱ्या होतात, कुटुंब रंगावरून भांडून मोकळे होते आणि मग बँक कर्ज नाकारते. पगारदाराची पगारपावती, व्यापाऱ्याचे आयकराचे विवरणपत्र, शेतकऱ्याचा जमिनीचा उतारा, आणि पूर्वीच्या कर्जाची परतफेड यांची चौकशी दुसऱ्या भेटीतच सहजपणे व्हावी. आपल्या समाजात व्याजाचे कर्ज नको म्हणणारी घरे आहेत. त्यांना हप्त्याचे तक्ते दाखवत बसणे म्हणजे त्यांना संकोचात टाकणे होय. अशा घराने पैसे साठवलेले असतात किंवा साठत आलेले असतात; त्यांना ‘साधारण केव्हापर्यंत जुळेल?’ एवढेच विचारावे आणि तो महिना लिहून ठेवावा. रक्कम बँकेतून द्यावी लागेल हेही आधीच सांगावे, कारण एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख घेण्यास २०१७ पासून कायद्याने बंदी आहे. आयत्या वेळी हे कळून मोडलेले व्यवहार माझ्या त्या दोन्ही जुन्या विद्यार्थ्यांनी पाहिले आहेत.

आणि कोणाच्या विचाराने? येथे मी स्त्री म्हणून थोडे अधिकाराने बोलते. शोरूममध्ये येतो पुरुष. तो इंजिनाविषयी बोलतो, चाकाला हलकी लाथ मारतो, दार आपटून पाहतो. घरी गेल्यावर त्याची आई म्हणते, मला मागच्या सीटवर चढता येत नाही; आणि विषय संपतो. माझ्या विद्यार्थ्याच्या वहीतील हातची गेलेली एकोणीस गिऱ्हाइके आम्ही तपासली, तेव्हा त्यांतील सतरा जणांच्या घरातील बाईमाणसाने गाडी पाहिलीच नव्हती! तेव्हा गाडी घरी न्यावी, आजींना मागे बसवावे, सुनेला डिकी उघडून दाखवावी. ज्या घरात पहिल्याच भेटीत ‘गाडी घरी घेऊन या’ म्हणतात, ते नाव खुशाल ‘हॉट’ लिहावे.

नोंदीचे महत्त्व एका ताज्या उदाहरणाने सांगते. १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी जीएसटीचे दर कमी होणार असे जाहीर केले, आणि चार मीटरच्या आतील लहान पेट्रोल-डिझेल गाड्यांवरील कर २२ सप्टेंबरपासून १८ टक्क्यांवर आला. पूर्वी उपकर वेगळा आणि कर २८ टक्के होता. मधल्या पाच आठवड्यांत शोरूम ओस पडले. कोल्हापूरकडे असलेला माझा जुना विद्यार्थी सांगतो की, त्याच्या हाताखालील बहुतेकांनी ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांची नावे खोडून टाकली. एकाने मात्र प्रत्येकापुढे ‘दर उतरण्याची वाट’ असे कारण लिहिले, आणि २२ तारखेला सकाळी त्या नावांना नवा भाव कळवला. बाकीचे दारात नवे लोक येण्याची वाट पाहत होते. त्याने जुन्याच ‘नाही’ म्हणालेल्यांना गाड्या दिल्या. माणूस ‘नाही’ म्हणतो तेव्हा त्या ‘नाही’चे कारण कोणते, हे लिहून ठेवायला दोन शब्द लागतात.

यादी न दिल्याबद्दल काही सभासदांनी मला नंतर नाराजीने विचारले. आपलाच मुलगा होता, दिली असती तर काय बिघडले असते? त्यांना माझे सांगणे असे. ज्याने शिष्यवृत्तीच्या अर्जावर किंवा देणगीच्या पावतीवर नंबर लिहून दिला, त्याने तो त्या कामापुरता दिला. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला, त्याचे सूत्र हेच आहे. पण कायदा नसता तरी मी दिली नसती. आपल्या ट्रस्टकडे विधवांचे अर्ज येतात, फी थकलेल्या घरांचे येतात. त्या कपाटाची किल्ली एकदा एका चांगल्या मुलासाठी फिरली, तर पुढच्या वेळी कोणासाठी फिरेल? मी एवढे केले की ट्रस्टच्या वार्षिक सभेच्या दिवशी, अध्यक्षांच्या परवानगीने, त्याला दाराशी एक टेबल मांडू दिले. ज्यांना हवे त्यांनी आपण होऊन नाव लिहावे. अकरा जणांनी लिहिले.

उमेदवारीच्या उरलेल्या दोन महिन्यांत त्याने सहा गाड्या विकल्या. अपेक्षा आठांची होती. पण वहीतील पुढच्या तारखांची पाने पाहून व्यवस्थापकांनी त्याला आणखी तीन महिने दिले, आणि तो अद्याप तेथेच आहे. सहांपैकी दोन गिऱ्हाइके ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने पाठवली, तीन त्या पोरक्या एकशे दहांतली, आणि एक दाराशी लिहिलेल्या अकरांतली. मामूंचे कोणी नाही.

परवा तो ती वही दाखवायला आला होता. पाने उलटता उलटता मला माझेच नाव दिसले. पुढे त्याच्या सुबक अक्षरात नोंद होती: ‘बाई. सध्या स्कूटर. मुलीचे शिक्षण चालू, २०२९ पर्यंत विचार नाही. कर्ज नको. कोल्ड. फोन करू नये, ईदला भेटावे.’